फेब्रुवारीत क्रूझ: कॉर्डेलिया, गेंटिंग ड्रीम की रॉयल कॅरिबियन? सोलापूरहून सहा जण

होटगीरोड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच क्रूझचा विचार चाललाय. आई-बाबा (६८ आणि ७३), आम्ही दोघं, मुलगी १४ वर्षांची, मुलगा ८. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, त्या दिवसांत दुकान सोडता येत नाही. मार्चमध्ये परीक्षा. म्हणून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरलाय.

तीन कोटेशनं आली आहेत. मुंबईहून कॉर्डेलिया, सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम, आणि सिंगापूरहूनच रॉयल कॅरिबियन. भाड्यात फरक बराच आहे, पण प्रत्येक कोटेशनमध्ये काय धरलंय आणि काय सोडलंय ते कळत नाही. आई-बाबा पूर्ण शाकाहारी, आई कांदा-लसूणही खात नाही. बाबांचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत. दोघांनाही बस लागते, त्यामुळे बोट लागेल याची धास्ती आहे. जाणकारांनी तिन्हींची तुलना करून सांगावी. "सगळं छान आहे" असं नको, नेमकं हवंय.

विजापूरवेस

कंपन्या बाजूला ठेवा, आधी जहाजं शेजारी-शेजारी ठेवून बघा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

कॉर्डेलियाचं एम्प्रेस १९९० मध्ये बांधलेलं जहाज आहे. आधी ते रॉयल कॅरिबियनकडेच होतं, भारतात २०२१ पासून चालतं. आकारमान सुमारे ४८,५०० ग्रॉस टन, लांबी २११ मीटर. गेंटिंग ड्रीम २०१६ चं, दीड लाख टनांच्या थोडं वर, ३३५ मीटर. रॉयल कॅरिबियन सिंगापूरला बहुतेक हंगामांत क्वांटम वर्गातलं जहाज आणते. ती १,६८,००० टनांच्या घरातली, जवळपास ३४८ मीटर लांब, २०१४ नंतरची. म्हणजे एम्प्रेसच्या साडेतीन पट.

हा फरक शोभेचा नाही. तुमचे दोन्ही खरे प्रश्न, बोट लागणं आणि गुडघे, इथूनच ठरतात. जहाजाच्या बाजूला पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात, पण पुढचं नाक वर-खाली होणं त्यांना थांबवता येत नाही. त्याला लांबीच लागते. शिवाय हे पंख जहाज वेगात असतानाच नीट काम करतात. बंदराबाहेर नांगर टाकून उभं असलेलं छोटं जहाज म्हणूनच चालत्या जहाजापेक्षा जास्त हलल्यासारखं वाटतं. तरी फेब्रुवारीत अरबी समुद्र शांत असतो आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीला दोन्ही बाजूंनी जमिनीचा आडोसा आहे. तुमच्या तारखा चांगल्या आहेत. हीच ट्रिप मेच्या शेवटी काढत असता, तर मुंबईहून जाऊ नका म्हणालो असतो.

गुडघ्यांचं म्हणाल तर लिफ्ट तिन्ही जहाजांवर आहेत. अडचण चालण्याची आहे. मोठ्या जहाजात केबिन एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला आलं, तर एका वेळचं जाणं-येणंच अर्ध्या किलोमीटरच्या वर जातं. म्हणून केबिन मधल्या भागात, लिफ्टच्या जवळ घ्या. एजंट "गॅरंटी केबिन" देत असेल तर नाही म्हणा. गॅरंटी म्हणजे प्रकाराची हमी, जागेची नाही. नंबर कंपनी शेवटच्या दिवसांत देते आणि तेव्हा टोकाची केबिन आली तर बदलून मिळत नाही. दोन-अडीच हजार वाचवण्यासाठी बाबांना चार दिवस चालायला लावू नका.

डेकचा नकाशा कंपनीच्या साइटवर असतो. नंबर पक्का करण्याआधी आपल्या केबिनच्या वरच्या आणि खालच्या डेकवर काय आहे ते बघाच. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असला की पहाटे पाचपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली थिएटर किंवा डिस्को असला की रात्री एकपर्यंत ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा उत्तम. बोट लागण्याच्या दृष्टीनेही मधला भाग आणि खालचे डेकच बरे. सर्वांत वरच्या डेकवरची बाल्कनी दिसायला झकास, पण झोका तिथेच मोठा बसतो.

बाल्कनी हवीच असेल तर कॉर्डेलियावर ती फक्त सुईटना आहे, बाकी सगळं आतली केबिन किंवा खिडकीची. गेंटिंग आणि क्वांटमवर साध्या दरातही बाल्कनी भरपूर. क्वांटम वर्गात काही आतल्या केबिनना ८० इंची पडद्यावर बाहेरचा समुद्र थेट दाखवतात. मुलांना ते आवडतं.

रेल्वेलाइन्स

जेवणाचं मी सांगते. तुमच्या घरात ट्रिपचा निकाल त्यावरच लागणार.

शाकाहारी आणि जैन जेवणासाठी कॉर्डेलिया बिनघोर आहे. स्वयंपाकघर भारतीय प्रवाशांसाठीच चालतं आणि जैन जेवणाची सोय रोजची आहे, तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाश्त्याला पोहे-उपमा, दुपारी वरण-भात. आई-बाबांना घरच्यासारखं वाटेल.

गेंटिंग ड्रीमवर भारतीय प्रवासी खूप असतात. लिडो बुफेत भारतीय पदार्थांचा वेगळा भाग असतो. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याच बुफेत शेजारी मांसाहारी पदार्थ मांडलेले असतात. आईंना ते चालेल का, हे आधीच विचारून घ्या. नसेल चालत तर बुफे सोडून मुख्य जेवणघरात टेबलावर वाढतात तिथे बसा.

रॉयल कॅरिबियनवर रात्रीच्या मुख्य जेवणघरात भारतीय शाकाहारी ताट मागता येतं. पण कांदा-लसूण नको असेल तर ते बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, किमान दोन महिने आधी. एजंटकडून त्याची लेखी पोच घ्या. मग पहिल्या दिवशी दुपारीच, जहाजावर चढल्या-चढल्या, जेवणघराच्या मॅनेजरला म्हणजे मेत्र-द-होटेलला भेटा. आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं ताट ठरवायचं, अशी पद्धत असते. आयत्या वेळी मागितलं तर तयार ग्रेव्हीतून कांदा काढता येत नाही, मग पुढ्यात येते उकडलेली भाजी आणि भात. तिथले लोक कामचुकार नसतात. एका वेळी दोन-तीन हजार ताटं निघतात, ग्रेव्ही सकाळीच तयार असते.

एक बारकी गोष्ट: "व्हेजिटेरियन" म्हणताना अंडं नको हे वेगळं सांगा. केक, पुडिंग, ताजा पास्ता यांत अंडं असतं आणि त्यांच्या हिशेबात ते शाकाहारीच. सूपचा रस्सा कशाचा आहे तेही विचारा.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्यायची असेल तर दुकानातलं सीलबंद, छापील लेबल असलेलं पाकीटच न्या. घरचा डबा बोर्डिंगच्या तपासणीत काढून ठेवतात, बहुतेक जहाजांवर बाहेरचं शिजवलेलं अन्न चालत नाही. कॉर्डेलियासाठी पाकिटांचंही आधी विचारून घ्या. आणि जहाजावरचं काहीही, सफरचंदसुद्धा, खिशात घालून परदेशी बंदरावर उतरू नका. इलेक्ट्रिक किटली, छोटी इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेन्शन बोर्ड आगीच्या भीतीने जप्त होतात. गरम पाणी बुफेत चोवीस तास नसलं तरी केबिनच्या माणसाला सांगितलं की थर्मास भरून मिळतो.

सिंगापूरला जाणार असाल तर घरात कुणी मशेरी, गुटखा, तंबाखूची पुडी बाळगत असेल तर ती इथेच ठेवा. तिथे चघळायचा तंबाखू आणायलाच बंदी आहे. च्युइंगमही नको. झोपेच्या किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांना तिथे आधी परवानगी लागते, म्हणून बाबांच्या गोळ्यांची यादी आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत करून घ्या.

सातरस्ता

कोटेशन वाचायची रीत सांगतो. भाडं हा आकडा निम्माच असतो. एजंटकडून सहा ओळी लेखी मागा: मूळ भाडं, बंदर शुल्क आणि कर, टिप म्हणजे ग्रॅच्युइटी, व्हिसा, विमा, टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ कापून घेतलेला आयकर). ज्याच्या कोटेशनमध्ये यातली एखादी ओळ कोरी आहे ती रक्कम नंतर तुमच्या खिशातून जाणार.

सर्वांत जास्त लोक टिपेवर फसतात. ही टिप ऐच्छिक बक्षिसी नसते, ती रोजच्या रोज माणशी तुमच्या खात्यावर चढते. रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनला दर माणशी दिवसाला साधारण १८.५० डॉलर आहे आणि मुलांनाही तोच. सहा जण, चार रात्री, म्हणजे ४४४ डॉलर. हे कोटेशनमध्ये नसेल तर शेवटच्या दिवशी बिलात दिसतं आणि तिथे वाद घालायला वेळ नसतो. बुकिंगबरोबरच भरून टाका. गेंटिंगवरही रोजची टिप वेगळी असते, तिचा हिशेब सिंगापूर डॉलरमध्ये. कॉर्डेलियाचा सगळा व्यवहार रुपयांत, त्यामुळे चलनाचा फटका बसत नाही.

चढताना कार्ड मागतात. तिथे क्रेडिट कार्डच द्या. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड दिलं तर कंपनी अंदाजे रक्कम अडवून ठेवते, आणि ट्रिप संपल्यावर ती मोकळी व्हायला बँकेला कित्येक दिवस लागतात. परतीच्या प्रवासात कार्डात पैसे असूनही वापरता येत नाहीत.

पेयांचं पॅकेज घेताना नियम वाचा. रॉयल कॅरिबियनवर एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या बाकी सज्ञानांनाही ते घ्यावं लागतं. शिवाय वर १८ टक्के सेवा शुल्क. तुमच्या कुटुंबाला त्याची गरज दिसत नाही. बुफेतला साधा चहा, कॉफी, पाणी भाड्यातच आहे. पैसे पडतात ते डब्यातल्या शीतपेयाला, बाटलीबंद पाण्याला आणि कॅफेतल्या कॉफीला. १४ वर्षांची मुलगी कार्ड दाखवून दिवसाला चार मॉकटेल मागवू शकते, म्हणून मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर बंद करून घ्या.

मोबाइल चढतानाच एअरप्लेन मोडवर टाका आणि शेवटपर्यंत तिथेच ठेवा. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह टॉवरला जोडला जातो. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये हे बहुधा धरलेलं नसतं. व्हॉट्सॲपचे फोटो आपोआप उतरत राहिले तरी बिल हजारांत जातं. वायफाय लागणारच असेल तर निघण्याआधी ॲपवरून घ्या, जहाजावर तेच महाग पडतं. एका उपकरणाचं पॅकेज घेऊन आळीपाळीने वापरता येतं.

टीसीएस परदेशी टूर पॅकेजवर कापला जातो. दर अर्थसंकल्पागणिक बदलत आलाय, चालू दर सीएला विचारा. तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो. पण ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच रिटर्नमध्ये. आई-बाबांच्या पॅनवर कापला आणि ते रिटर्न भरत नसतील, तर पैसे अडकून बसतात. पॅन कुणाचं द्यायचं ते आधीच ठरवा.

होटगीरोड

फार उपयोगी माहिती, तिघांचे आभार. रॉयलच्या कोटेशनमध्ये टिपेची ओळ खरोखरच नाही, आत्ताच बघितलं. आता दोन शंका. एक, व्हिसा. एजंट म्हणतो सिंगापूरचा पुरेसा आहे, मलेशिया-थायलंडला आपण जहाजातून उतरणारच नाही म्हटलं तरी चालतं. दोन, बंदरावर उतरताना बाबांना त्रास कुठे होईल?

पार्कचौक

एजंटचं पहिलं म्हणणं अर्धवट आणि दुसरं चूक. जहाज ज्या देशाच्या बंदरात जातं, त्या देशात जायला पात्र असल्याशिवाय कंपनी चढूच देत नाही. तुम्ही उतरा न उतरा. सध्या हे अडत नाही, कारण मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसामाफी दिली आणि थायलंडनेही जुलै २०२४ पासून व्हिसामुक्त प्रवेश दिला. पण या सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात. पैसे भरताना एकदा आणि निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा तपासा.

सिंगापूरचा व्हिसा मात्र मल्टिपल एंट्रीचाच हवा. विमानाने उतरलात ही पहिली एंट्री, जहाजातून परत आलात ही दुसरी. हातात आल्यावर त्यावर "मल्टिपल" लिहिलंय का ते सहाही जणांचं वाचा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरचा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म, तोही दोनदा भरायचा: विमानासाठी आणि क्रूझहून परतताना. दोन्ही वेळा पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत. सरकारी साइटवर ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट आली तर ती सोडून द्या. पासपोर्ट परतीच्या तारखेपासून सहा महिने चालणारा हवा. ८ वर्षांच्या मुलाचा नक्की बघा, लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि त्याची मुदत लक्षात राहत नाही.

टर्मिनल कोणतं तेही विचारा. सिंगापूरला दोन आहेत. मरीना बे क्रूझ सेंटर (मेट्रोचं मरीना साउथ पिअर स्टेशन) आणि हार्बरफ्रंटचं सिंगापूर क्रूझ सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ टर्मिनल" सांगून चुकीच्या दारात उतरणारे लोक नेहमी दिसतात. विमान आदल्या दिवशीचंच घ्या. जहाज तुमच्या विमानासाठी थांबत नाही आणि न चढलेल्याचं भाडं परत मिळत नाही.

आता बाबांचं. दोन प्रकारची बंदरं असतात. एकात जहाज थेट धक्क्याला लागतं आणि उताराच्या फळीवरून चालत उतरायचं. दुसऱ्यात जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या टेंडर बोटीतून किनाऱ्यावर जायचं. टेंडरमध्ये पाय टाकताना बोट वर-खाली होते, मध्ये फूटभर अंतर पडतं. खलाशी दोन्ही हात धरतात, पण पाऊल आपलं आपल्याला टाकावं लागतं. दुखऱ्या गुडघ्याला तेच जड.

पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला, जॉर्ज टाउनच्या अगदी दारात लागतं. बाबांना तिथे काहीच त्रास नाही, बाहेर पडून सायकलरिक्षाने जुनं शहर बघता येतं. पोर्ट क्लांगला धक्का आहे, पण क्वालालंपूर तिथून रस्त्याने तासा-दीड तासावर. जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये जातात, तर त्या दिवशी आई-बाबांनी जहाजावरच थांबावं. पूल रिकामा असतो. फुकेतला पातोंगचा थांबा असेल तर टेंडर धरून चाला. लक्षद्वीपला तर प्रवाळाच्या कड्याबाहेर जहाज थांबतं आणि लहान बोटीतूनच जावं लागतं. वारा वाढला की तो थांबा रद्दही होतो. अशा वेळी परत मिळतं ते फक्त त्या बंदराचं शुल्क, तेही असेल तर. भाडं नाही. हा करारातला नियम सगळ्याच कंपन्यांचा आहे.

फुकेतला आणखी एक घोळ होतो, तो वेळेचा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाजाचं घड्याळ बहुधा सिंगापूरचंच राहतं, मोबाइल मात्र किनाऱ्यावर आपोआप थाई वेळ दाखवतो. "चारला परत" म्हणजे जहाजाचे चार, तुमच्या मोबाइलवर तीन वाजलेले असतात. बाबांच्या हातात साधं घड्याळ असू द्या आणि ते जहाजाच्या वेळेवर लावा.

सामानाचंही आत्ताच सांगून ठेवतो. चेक-इनला दिलेल्या बॅगा केबिनमध्ये संध्याकाळपर्यंत कधीही येतात. औषधं, पासपोर्ट, चष्मा, मुलांचे पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

विजापूरवेस

बोट लागण्यावर राहिलं होतं. ॲव्होमिन आपल्याकडे सहज मिळते, पण उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो. आदल्या रात्री किंवा चढण्याआधी तास-दोन तास घ्यायची. गुंगी येते. बाबांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका. अस्वस्थ वाटलं तर केबिनमध्ये पडून राहू नये. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे बघावं, सोबत आलेपाक आणि कोरडी बिस्किटं. पोट रिकामं ठेवलं की जास्त मळमळतं.

तुमच्या घराला काय घ्यावं, हे विचारलंत म्हणून सांगतो. आई-बाबांसकट पहिलीच ट्रिप असेल तर कॉर्डेलियाची मुंबई-गोवा-मुंबई, खिडकीची केबिन, मधल्या भागात. व्हिसा नाही, विमान नाही, आईंचं जेवण तयार. जहाज जुनं आहे, केबिन लहान आहेत, मुलांना करायला कमी आहे, हे धरून चाला. मुलांसाठीच खर्च करायचा असेल तर क्वांटम, कारण समुद्रापासून तीनशे फुटांवर नेणारी काचेची कुपी आणि बंपर कार बाकी दोन्हींवर नाहीत. गेंटिंग मधला मार्ग: पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, दोन-तीन रात्रींचे फेरे मिळतात, भारतीय जेवण सहज. सिंगापूरला जायचंच असेल तर सहा जणांसाठी मी गेंटिंग धरेन.

होटगीरोड

घरात बोललो. कॉर्डेलियाकडे कल आहे. सोलापूरहून मुंबईला गाडी कोणती धरावी?

रेल्वेलाइन्स

सिद्धेश्वर धरा. रात्री साडेदहाच्या सुमारास निघते, सकाळी सातच्या आसपास सीएसएमटी. बोर्डिंग दुपारी, त्यामुळे गाडी दोन तास उशिरा आली तरी धोका नाही. सकाळची वंदे भारत दुपारी साडेबाराच्या सुमारास पोहोचते. तिला उशीर झाला तर चेक-इनची वेळ हुकते, जाताना ती नको. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅग ठेवायची तर तिला कुलूप लागतं, म्हणून सहाही बॅगांना आत्ताच कुलपं बघा. तिथून जहाजाच्या धक्क्याला, म्हणजे बॅलार्ड पिअरला, टॅक्सीने दहा मिनिटं, दोन टॅक्सी कराव्या लागतील.

येताना मात्र वंदे भारतच. जहाज सकाळी लागतं, उतरायला दहा-अकरा वाजतात, गाडी दुपारी चारनंतर सुटते आणि रात्री पावणेअकराच्या आत सोलापूर. मुंबईहून ती बुधवारी नसते. तुमची परतीची तारीख बुधवारी येत असेल तर सिद्धेश्वरचं तिकीट काढा, आणि आई-बाबांसाठी खालचे बर्थ मिळावेत म्हणून आरक्षण उघडतं त्याच सकाळी आठला बसा.